खाडीच्या तोंडावरचा शंख

फार फार वर्षांपूर्वी, समुद्रात वाट दाखवायला ना दिवा होता ना नकाशा, त्या काळी किनाऱ्यावर एक छोटं गाव होतं. त्या गावाचं नाव आता कुणाला आठवत नाही आणि आपल्या गोष्टीला त्याची गरजही नाही. गरज आहे ती तिथल्या खाडीची. समुद्रावर गेलेल्या होड्या परत यायच्या त्या या खाडीतून. तिचं तोंड इतकं अरुंद, की दोन होड्या शेजारी शेजारी आल्या तर वल्ह्याला वल्हं लागायचं. थोडं बाहेर, पाण्याखाली लपलेला एक लांबलचक खडक होता. सगळे त्याला दांडा म्हणायचे. दांड्यावर आपटलेली होडी पुन्हा कुणाला दिसली नव्हती.

म्हणून गावाने एक रीत घालून दिली होती. होड्या परतायच्या वेळी खाडीच्या तोंडाशी, सपाट कातळावर, एक माणूस शंख घेऊन उभा राहायचा. एकच लांब, अखंड आवाज आला तर समजायचं, पाणी भरपूर आहे, आवाजाच्या रोखाने आत या. तुटक तुटक आवाज आला तर समजायचं, ओहोटी लागली, आत येऊ नका, मागे वळून खोल पाण्यात जा. धुक्याच्या दिवशी तुटक शंख फुंकणं फुंकणाऱ्यालाही नको वाटायचं, कारण मागे वळलेल्या होडीला दांड्याला खेटून जावं लागायचं.

हा शंख कितीतरी वर्षं हिरोजी आजाकडे होता. मग त्याला खोकला लागला. श्वास पुरेना. गावातले धडधाकट बाप्ये सगळे समुद्रावर, तेव्हा किनाऱ्यावरच्या बायकांनीच आपल्यातली एक निवडली. निवडलं कुणाला, तर चांगुणेला. कारण अगदी सरळ होतं. चांगुणा दारात उभी राहून नवऱ्यावर ओरडली, तर ते खाडीपलीकडे ऐकू जायचं. एवढी छाती असल्यावर आणखी काय हवं, असं सगळ्यांना वाटलं.

आजाने शंख तिला फुंकून बघायला दिला, पण हवाली केला नाही. तो म्हणाला, "आधी नमस्कार शिक."

कातळावर उभं राहायचं. हात जोडायचे. श्वास घेत हात वर, श्वास सोडत खाली वाकायचं. श्वास घेत एक पाय मागे, मग दुसरा. छाती जमिनीला टेकायची, पुन्हा मान वर, कंबर वर, आणि आलो त्याच वाटेने उभं राहायचं. आजाची अट एकच होती. अंग श्वासाच्या मागून चाललं पाहिजे. श्वास संपल्याशिवाय वाकणं संपायचं नाही, आणि श्वास भरल्याशिवाय उठणं नाही.

आता तुम्हीच सांगा, घरात चूल पेटायची आहे, जाळी वाळत घालायची आहेत, सासूला काढा द्यायचा आहे, अशा बाईला हे सुचणार कसं? त्यात चांगुणा मुळातच काळजीखोर. नवऱ्याची होडी नजरेआड झाली की तिच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. ती भराभर वाकायची, भराभर उठायची, घाम पुसायची आणि म्हणायची, "झालं हो आजा. आटपलं."

आजा म्हणायचा, "अंग वाकलं, पोरी. श्वास कुठे वाकला?"

"शंख तर वाजतो ना माझा?" ती म्हणायची.

आणि खरंच, वाजायचा. शांत दिवशी चांगला लांब वाजायचा. शेवटी आजाने शंख तिच्या हवाली केला.

मग एके दिवशी सकाळी असं धुकं उतरलं, की स्वतःच्या पायाखालचा कातळ दिसेना. होड्या परतायची वेळ झाली होती. भरती पूर्ण भरली होती, पण ती थांबते किती? घटकाभरात पाणी उतरू लागणार होतं. चांगुणा धावत कातळावर गेली. तिचा नवरा कान्हू बाहेर होता. तिचा दीर बाहेर होता. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरचा माणूस बाहेर होता. धुक्यातून वल्ह्यांचा आवाज येत होता, आणि त्याला दिशा नव्हती.

तिने शंख ओठांना लावला. धावण्याने धाप लागली होती, डोळ्यांपुढे सारखा दांडा येत होता. तिने फुंकलं. आवाज आला, तुटला. पुन्हा आला, पुन्हा तुटला.

आपण काय फुंकलं, हे तिला स्वतःलाच आधी कळलं. पाणी भरलेलं असताना तिने होड्यांना मागे फिरायला सांगितलं होतं.

"अगं, लांब फुंक," तिच्या मागोमाग धावत आलेल्या बायका म्हणाल्या.

ती लांब फुंकायला गेली. पण जितकी भीती वाढली, तितका श्वास आखूड झाला, आणि शंख आणखीच तुटक वाजला. वल्ह्यांचा आवाज लांब जायला लागला. होड्या वळल्या होत्या. दांड्याकडे चालल्या होत्या. एका बाईने तिच्या हातून शंख ओढून घेतला आणि फुंकला, तर नुसती हवा निघाली. तिने तो रडत परत दिला.

तेवढ्यात काठी टेकत हिरोजी आजा कातळावर आला. तो म्हणाला, "शंख खाली ठेव."

"आजा, ते चाललेत. तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"येतंय. शंख खाली ठेव. हात जोड."

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून चोरून ऐकणाऱ्या मोठ्या माणसांनो, त्या वेळी हात जोडणं किती कठीण होतं, ते विचार करून बघा. आपलं माणूस धुक्यात मरणाकडे वल्हवत चाललंय, पाणी उतरायची वेळ होत आलीय, आणि एक म्हातारा म्हणतोय, नमस्कार घाल. मागच्या बायका चिडल्या. एक म्हणाली, "आजाला चळ लागलाय." चांगुणेलाही तसंच वाटलं. पण दुसरं काही करता येत नव्हतं. तिने शंख खाली ठेवला.

हात जोडले. श्वास घेत हात वर गेले. श्वास घशातच अडकला. आजा म्हणाला, "थांब. तो येईल. त्याला येऊ दे." ती थांबली. तो आला. श्वास सोडत ती वाकली, आणि पहिल्यांदाच श्वास संपेपर्यंत वाकत राहिली. पाय मागे. छाती खाली. कातळ गार होता, ते तिला तेव्हा जाणवलं. मान वर. कंबर वर. मनातून सारखं ओरडणं चालू होतं, लवकर, लवकर. तिने ते चालू दिलं आणि श्वास मात्र त्याच्या स्वतःच्या चालीने चालू दिला. उलट वाटेने ती उभी राहिली. एकच नमस्कार झाला. भीती गेली नव्हती. पण धाप गेली होती.

तिने शंख उचलला आणि फुंकला.

आवाज निघाला, आणि थांबला नाही. तो पाण्यावरून गेला, धुक्यात शिरला, आणि मागच्या बायका रडायच्या थांबल्या. तिने श्वास भरून घेतला आणि पुन्हा फुंकला. मग सगळ्यांनी कान टवकारले. वल्ही वाजत होती. जवळ येत होती.

एकामागून एक होड्या खाडीत शिरल्या. कान्हूची शेवटची होती. तिच्या बगलेची फळी हातभर सोलून निघाली होती.

चांगुणा कमरेएवढ्या पाण्यात उतरली आणि तिने होडी धरली. "माझ्यामुळे झालं," ती म्हणाली. "तुटक फुंकला मी. आणि वर फुंकायचीही थांबले. तुम्ही तिकडे दांड्याशी, आणि मी इथे नमस्कार घालत बसले."

कान्हू म्हणाला, "थांबलीस म्हणून तर आलो. शंख एकाएकी बंद पडला, म्हणून आम्ही वल्ही वर उचलली, काय झालं ते ऐकायला. होडी तेव्हा दांड्याला घासत होती. तू तशीच फुंकत राहिली असतीस, तर आम्हीही वल्हवत राहिलो असतो."

होडीच्या सोललेल्या फळीवर हात ठेवून चांगुणा तिथेच पाण्यात उभी राहून रडली.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं, समुद्र शांत होता. चांगुणा कातळावर नमस्कार घालत होती, आणि तिचं एकेक वाकणं इतकं लांबलं, की पेजेची वाट बघणारा कान्हू दारात उभा राहून कंटाळला. हिरोजी आजा काठीवर हनुवटी टेकून बघत होता. श्वास कुठे वाकला, हे विचारायची आता त्याला गरज उरली नव्हती.

तात्पर्य : जीव घाबरा होतो तेव्हा हातांची घाई आवरून आधी श्वास लांब करावा, आणि तो तेव्हा लांब व्हावा म्हणून शांत दिवसांतच त्याला सावकाश चालायची सवय लावावी.