सांडणी उठेना

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. एका राजाची प्राण्यांची बाग होती. तिथे बहिर्जी नावाचा म्हातारा माहूत हत्तींची निगा राखी.

एकदा वाळवंटातल्या राजाने मैत्रीची खूण म्हणून एका वशिंडाची सांडणी, म्हणजे उंटीण, पाठवली. राजाने ती बहिर्जीच्या हवाली केली.

बहिर्जीने तिला जीव लावला. रोज ओढ्यावर नेऊन तो तिला घासून आंघोळ घाली, ऊस भरवी, खाली ओलसर गवताची गादी अंथरी. हत्तीला जे जे आवडे, ते सारे.

पण सांडणी खंगत चालली. अंगावर खरूज उठली, केस झडले. एका सकाळी ती गुडघे मोडून बसली, ती उठेचना.

त्याच दिवशी सांगावा आला, वाळवंटाचा राजा पौर्णिमेला येतोय.

"त्याला ती अशी दिसली, तर मैत्री संपली समज," राजा बहिर्जीला म्हणाला.

बहिर्जीचा धीर सुटला. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "माझी माया कुठे कमी पडली गं?"

भाकरी थापता थापता ती हसली. "कमी कुठली? चाळीस वर्षं मला मोगऱ्याचा गजरा आणताय. त्या वासाने माझं डोकं उठतं. कधी विचारलंत?"

"मग बोलली का नाहीस?"

"मी आज तरी बोलले. ती मुकी कशी बोलणार? तिच्याकडे नीट बघा जरा."

दुसऱ्या दिवशी बहिर्जी रिकाम्या हातांनी गेला आणि नुसता समोर बसून राहिला. दुपारी सांडणीने मान लांबवून कुंपणाची काटेरी बाभूळ ओरबाडली. मग भिंतीवर मिठासारखा फुटलेला खारट लोणा चाटू लागली.

"अरे देवा! मी तुला हत्तीच समजत होतो की गं बाई!"

त्याने गवत काढून कोरडी वाळू पसरली. आंघोळ थांबवली. बाभळीच्या फांद्या आणि मिठाचा खडा ठेवला, खरजेला करंजाचे तेल चोळले.

पौर्णिमेला पाहुणा राजा आला, तेव्हा सांडणी उन्हात उभी होती. केस अजून विरळ होते, पण तोंडात बाभळीची फांदी होती.

पाहुणा हसला. "हिला इथे घर मिळालं म्हणायचं!"

संध्याकाळी बहिर्जी गजरा न घेताच घरी गेला. दारातच थांबून त्याने विचारले, "तुला कोणतं फूल आवडतं गं?"

"झाडावरचं," ती म्हणाली आणि त्याला आत बसायला पाट दिला.

लहानांनो आणि मोठ्यांनो, ज्याच्यावर माया करायची, त्याला काय हवे ते आधी त्याच्याकडे पाहून ओळखावे.