नऊ गाठी आणि एक हाक

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या आश्रमात एका हाकेला ओ आली नाही. घडलं ते एवढंच.

आचार्यांना सारे तात्या म्हणत. नदीकाठच्या त्या आश्रमात भागी नावाची त्यांची एक शिष्या होती. संध्याकाळी भाकऱ्या झाल्या की तिने चुलीपाशी बसूनच "तात्या" अशी हाक घालायची आणि घाटाच्या पायऱ्यांवरून त्यांनी "ओ" म्हणायचं, हा रोजचा क्रम. त्या संध्याकाळी तिने हाक घातली आणि ओ आली नाही.

भागी मुळात भित्री. पाल पडली तरी तिच्या हातातलं भांडं पडायचं. दुसरी हाक तिने उभी राहून मारली. तिसरीला आवाजच नीट फुटेना. मग पिठाच्या हातांनी ती तशीच घाटाकडे धावली.

तात्या शेवटच्या पायरीवर ताठ बसले होते. डोळे आकाशाकडे, बोटं उपरण्याच्या टोकाशी.

"तात्या, तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"आलं की. तिन्ही वेळा आलं."

"मग ओ का दिली नाहीत? मला वाटलं…"

"म्हातारा आटोपला, असंच ना? भाकरी खाल्ल्याशिवाय नाही जायचा तो." थट्टा करतानाही ते हसले नाहीत. त्यांनी उपरण्याचं टोक पुढे केलं. त्याला एक गाठ होती. "आत्ता एक तारा निखळला. म्हटलं, आपणही मारावी गाठ. आणि गाठ मारल्यावर तोंड उघडलं तर ती वाया जाते म्हणे. तूच पाळतेस ना हा नेम?"

भागीने आपला पदर मुठीत दडवला.

त्या भागात जुनी समजूत होती. तारा निखळताना दिसला की तो विझायच्या आत पदराला गाठ मारायची, मनात इच्छा धरायची आणि ती कुणापाशी उच्चारायची नाही. इच्छा फळली की गाठ सोडायची. भागीच्या पदराला नऊ गाठी होत्या आणि नऊही गाठींत इच्छा एकच होती, आईने मला जवळ घ्यावं.

आई काही दूरदेशी नव्हती. नदीच्या पलीकडच्या काठावरच तिचं गाव होतं. गेल्या श्रावणात भागीच्या धाकट्या बहिणीला, तुळसाला, या नदीने नेलं. तेराव्यानंतर भागी नदी ओलांडून आश्रमात आली, ती पुन्हा पलीकडे गेली नव्हती.

तात्यांनी पैलतीराकडे बोट केलं. उन्हाळ्यामुळे पात्र आक्रसलेलं, पलीकडे कुणी खोकलं तरी ऐकू यावं इतकं. मावळत्या उजेडात तिथल्या घाटावर एक बाई बसली होती.

"ओळखतेस?"

भागीने मान खाली घातली. या वेळेला ती चूल धरून बसायची, ती याच भीतीने.

"दिवाळीपर्यंत रोज हाका मारायची," तात्या म्हणाले. "आधी तुळसा म्हणून, मग भागी म्हणून. आता मारत नाही. नुसती येऊन बसते. तू ऐकायचीस ना?"

"हो."

"आणि ओ?"

ती पाण्याकडे पाहत म्हणाली, "मी धुणं धूत होते, तात्या. तुळसाने ताई म्हणून हाक मारली. दोनदा मारली. तिचं सारखंच चालायचं हो, ताई मासा बघ, ताई शिंपला बघ. मी कंटाळून मुद्दाम ओ दिली नाही. तिसरी हाक आलीच नाही, म्हणून वळून पाहिलं." तिने श्वास घेतला. "नंतर आईने विचारलं, तिने तुला हाक नव्हती का गं मारली? मी म्हटलं, नाही."

तात्यांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "मुली, तुझ्या तीन हाकांना मी ओ दिली नाही, तेवढ्यात तू माझं मरण पाहून आलीस. ती बाई पोटच्या दोघींना हाका मारत होती. एका नावाला ओ येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्या नावाला का येत नाही, हे तिला कोण सांगणार? ताऱ्याकडे मागण्यात पाप नाही. माणूस कुठे ना कुठे मागणारच. पण ताऱ्याकडे एक सोय असते. तो उलट काही विचारत नाही. आई विचारील."

"तिने तोंड फिरवलं तर?"

"फिरवील कदाचित. ते मी कसं सांगू?"

ते उपरण्याची गाठ सोडू लागले, पण म्हाताऱ्या बोटांना ती सुटेना. भागीने पुढे होऊन सोडवली.

"तुम्ही काय मागितलं होतं?"

"तू चूल सोडून घाटावर यावंस, एवढंच."

भागी उठली. श्रावणापासून तिने या पाण्याला पाय लावला नव्हता. ती गुडघाभर पाण्यात शिरली. पदराचं टोक भिजलं, गाठी जड झाल्या.

"आई."

आवाज कुठे पोहोचलाच नाही जणू. पलीकडची आकृती हलली नाही.

"आई गं…"

नुसतं पाणी वाजत राहिलं. मागे फिरावं असं तिला वाटलं. चुलीवर तवा तसाच होता. तिने डोळे मिटले.

"आई, तुळसाने मला हाक मारली होती. दोनदा मारली होती. मी ओ दिली नाही."

किती वेळ गेला, तिला कळलं नाही. तिने डोळे उघडले तेव्हा पैलतीरावरची बाई उठून पाण्याच्या कडेशी आली होती. आणि अंगणात पडून रडणाऱ्या लेकराला आई घरातून ज्या आवाजात सांगते, त्या आवाजात ती म्हणाली, "आले गं, आले."