चिमीचा भोवरा

आटपाट नगर नव्हे, आटपाट कुपी होती. तिच्यात हायड्रोजनचे इवलेसे अणू राहत. प्रत्येकाच्या पोटात एक भोवरा फिरे, आणि सगळे भोवरे अगदी ताठ उभे.

त्यांतली चिमी एकदा कुपीच्या भिंतीला टेकली. शेजारी सोनबा बसला होता. तो म्हणाला, "चिमे, जोडीनं राहू या का?"

चिमीला तो आवडायचा, पण ती अंग चोरून म्हणाली, "जोडी जमली की आपण दोन अणूंचा एक रेणू होणार. मग या भिंतीवर हजार वेळा आपटणार. त्यात माझा भोवरा कलंडला, तर मी मीच राहीन का रे?"

भिंत हसली. "पोरी, तुमचे भोवरे हलू नयेत म्हणूनच मी अंगभर तेल चोपडलंय."

कुपीबाहेरून चुंबककाका म्हणाले, "आणि मी तुमचे भोवरे ताठ धरून आहे ना! नाव बदल खुशाल. गिरकी बदलायला कोण सांगतंय?"

दोघं एक झाली. हजारदा आपटली, हजारदा उसळली. शेवटी चिमीनं भीतभीत विचारलं, "सोनबा, माझा भोवरा?"

"ताठ आहे."

"आणि तुझा?"

सोनबा गोंधळला. "माझा बघायचा राहूनच गेला गं."

चिमीनं वाकून पाहिलं. तोही उभा होता, तिच्याइतकाच ताठ.