तीनदा हरलेल्याचा ठराव

कोल्हापुरातल्या एका तालमीचा फुटबॉल संघ सलग तीन सामने हरला आणि सगळं खापर एकोणीस वर्षांच्या तेजपालवर फुटलं. संघाची चाल तोच रचायचा, आणि त्याचं हे पहिलंच वर्ष. पेठेतली माणसं त्याच्या दारासमोर उभं राहून शिव्या देऊन गेली. ते ऐकून प्रशिक्षक बर्गे मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तालमीच्या बैठकीत अध्यक्ष इंगवले गरजले, "तीनदा हरलेल्याला पुन्हा उभं करायचं नाही! लिहा ठराव!"

मास्तरांनी शब्द न् शब्द लिहून कागद पुढे सरकवला. "करा सही, साहेब. पण हा कागद मी तालमीच्या दारावर लावणार."

"खुशाल लावा!"

"बघा हं. नगरसेवकाच्या निवडणुकीत तुम्ही तीनदा पडलात, आणि पुढच्या महिन्यात चौथ्यांदा उभे राहताय. पंधरा वर्षं या पेठेनं तुमच्यासाठी धीर धरला. तुम्हाला या पोरासाठी पंधरा दिवस धरवत नाही?"

बैठकीत हशा पिकला. इंगवल्यांनी सही न करताच पेन खिशात घातलं.

रविवारी तेजपाल मैदानात उतरला. त्याचा पहिलाच पास चुकला, पण कुणी शिवी दिली नाही.