मुंज्याची बाग

संस्थानातल्या शाळा पैशावाचून बंद पडायला आल्या, तेव्हा नवं उत्पन्न शोधायला राणीसाहेबांनी दरबार भरवला. वेणूबाई मास्तरीण म्हणाल्या, "पिंपळाजवळच्या पोफळीच्या बागेवर आजवर सारा नाही."

"ती बाग मुंज्याची!" दिवाण विसाजीपंत गरजले. "शंभर वर्षं तो पिंपळावर आहे. सारा मागायला गेलेला कारकून रक्त ओकून मेला." सुपाऱ्या मात्र दरसाल त्यांच्याच कोठारात जात.

सगळे बागेत गेले. वारा नव्हता, तरी पिंपळ सळसळला. माणसं मागे सरकली.

"नक्की मुंज्याच ना?" बाईंनी विचारलं.

"त्रिवार सांगतो, मुंज्याच! मालक तोच."

"म्हणजे मुंज होऊन लग्नाआधीच गेलेला मुलगा. बायको नाही, मूल नाही, वारस नाही. आणि बेवारस जमीन सरकारजमा, हा हुकूम तुमच्याच सहीचा."

राणीसाहेबांनी तिथल्या तिथे बाग सरकारजमा केली.

बागेच्या उत्पन्नावर जुन्या शाळा सावरल्या आणि पिंपळाखाली एक नवी शाळा उभी राहिली. पहिल्या दिवशी हजेरीतली नावं संपली, तरी मागच्या रिकाम्या पाटावरून कोवळा आवाज आला, "हजर."

बाईंनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. "नाव सांग, बाळ."