जमायची जागा

“सरावाची घंटा वाजून अकरा मिनिटं झाली आणि मैदानात एक माणूस नाही. बुवा, याला काय म्हणायचं?”

वासुदेव गद्रे भक्तनिवासातल्या बुवांच्या खोलीच्या दारात उभा होता. गळ्यात शिट्टी, हातात यादी. तीस वर्षं रसायनांच्या कारखान्यात सुरक्षेचं काम करून तो आमच्या मठात आला, शिष्य झाला. साहेबपणा मात्र फाटकाबाहेर ठेवायचा राहून गेला होता.

आग लागली तर सगळ्यांनी जमायचं मैदान त्यानेच निवडलं होतं. तिमजली भक्तनिवासापासून शंभर पावलं लांब, गोठ्याच्या पलीकडे. वर विजेची तार नाही, बंब यायला वाट मोकळी. चुन्याची आखणी केली, हिरवी पाटी लावली. निवडीत खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या माघात कोठारातल्या तारा जळून जिन्यात धूर भरला, तेव्हा आमचा आचारी केरबा मरता मरता वाचला. तेव्हापासून वासुदेवाला झोप नव्हती, हेही खरं.

आता त्याच्या मागे, बोळात, आम्ही एकशे बारा जण दाटीवाटीने उभे होतो. हात जोडून, गुपचूप.

“त्यांनाच विचार,” बुवा म्हणाले.

केरबा सगळ्यात पुढे होता.

“घंटा ऐकलीस ना?”

“ऐकली की. पण बुवा आत हाईत. त्यांच्या आधी उंबरा कसा वलांडायचा?”

मठाची रीतच ती. खोटं कशाला बोलू, मीही हललो नव्हतो.

बुवांनी पोथी मिटली. “मला कोणी उठायला सांगितलं नाही.”

“तुमचं नाव यादीत नाही, बुवा. गुडघे दुखतात तुमचे. सरावाचा त्रास नको म्हणून वगळलं.”

“जिना धुराने भरायला किती वेळ लागतो?”

“तीन मिनिटं…”

बुवांनी गुडघ्यावर हात ठेवला. वासुदेव घाईने म्हणाला, “पुढच्या वेळी चौघे जण तुम्हाला खुर्चीतून आधी बाहेर काढतील.”

“आणि ही मंडळी?”

वासुदेव बोळाकडे बघत राहिला. “…मागून येतील. सावकाश.”

“भजन म्हणत.”

“मग ही रीतच बंद करा. तुम्ही सांगितलंत तर ऐकतील.”

“आत्ता ऐकतील. धुरात?”

बुवा भिंतीला धरून उठले. आपल्या गुरूंच्या गादीला नमस्कार केला आणि ती तिथेच राहू दिली. घोंगडी काखेत मारली, काठी घेतली आणि चालू लागले. आम्ही सगळे मागून. गोठा ओलांडायलाच बराच वेळ लागला.

हिरव्या पाटीखाली त्यांनी घोंगडी पसरली आणि बसले.

“इथे चार पत्रे टाकून दे. आजपासून मी इथेच राहणार.”

“बुवा, इथे ऊन, वारा… तुम्हाला खोकला आहे. चाळीस वर्षं तुम्ही त्या खोलीत…”

गळ्यातली शिट्टी काढून त्याने खिशात टाकली आणि बुवांचे पाय धरले. “माझं चुकलं.”

“जागा चांगली निवडलीस,” बुवा म्हणाले.

मग त्यांनी आमच्याकडे हात केला.

“यांना परत आत पाठव… आणि वाजव घंटा.”