उंबरदऱ्याचा रिता ठोका

उंबरदऱ्याच्या माळावर सिदोबाच्या देवळासमोर एक सपाट काळा दगड आहे. दसऱ्याला गावाचे ढोल त्याच्याभोवती वाजतात आणि रंगात आले असताना ठोक्यातल्या एका जागी अचानक थांबतात. नवख्याला वाटते, वाजवणारे विसरले. यंदा गावात मुक्कामाला आलेले पाहुणे कलाकारही सरावात तिथेच अडखळले. त्यांत आयर्लंडमधल्या एका खेड्यातून आलेली नीव्ह नावाची व्हायोलिनवाली मुलगी होती. तिने दुभाष्याकरवी विचारले, "इथं नक्की होतं काय?"

गावातले जुने जाणते लिंबाजीतात्या त्या दगडावर टेकले. तंबाखूची चिमूट दाढेखाली गेल्याशिवाय त्यांची गोष्ट सुरू होत नाही, तेव्हा सगळ्यांना थांबावे लागले. मग त्यांनी जी सांगितली, ती ही.

फार पूर्वी, म्हणे, उंबरदऱ्याचा ढोल सात खोऱ्यांत नावाजलेला होता. पावसाळ्यात मेंढरे गावात असत. तेव्हा लांबलांबचे वाजवणारे इथे राहायला येत, कुणाच्या तरी घरी भाकरी खात आणि त्याच घरच्या ढोलावर हात बसवत. दसऱ्याला सिदोबाचा ठोका वाजला की पालखी उठे, आणि पालखी उठली की मेंढरे चराईला बाहेर पडत. ठोक्यावाचून पालखी उठत नसे. खांदेकरी कितीही जोर लावोत, ती दगडासारखी जड होऊन बसे, असे सांगतात.

मग एका वर्षी पटकीची साथ आली. तिने वाजवणारी घरेच्या घरे पुसली. ढोलांचा म्होरक्या मायाप्पाही गेला. मागे राहिली त्याची लेक कोंडाई. ठोका तिने जन्मभर ऐकला होता, पण ढोलाला हात लावायची तिला बंदी होती. मोठ्यांचे शहाणपण मोठ्यांबरोबर गेले, बंदी तेवढी राहिली.

दसरा जवळ आला. पालखी उठली नाही तर मेंढरे कोंडवाड्यातच उपाशी मरतील, म्हणून उरलेली माणसे गाव सोडायच्या गोष्टी करू लागली. कोंडाईला गाव सोडायचे नव्हते. तिने तीन खोऱ्यांत निरोप धाडले आणि बापाकडे शिकून गेलेले तिघे आले: घाटाखालचा भिवा, कऱ्हाकाठचा मल्हारी आणि कानडी मुलखातला सिद्रामा.

"वाजवा," ती म्हणाली.

तिघांनी एकेक करून वाजवले, आणि तिघांचा ठोका वेगळा निघाला.

कोंडाईला काही उमजेना. एकच माणूस शिकवणारा, एकच ढोल, मग हे तीन कुठून आले? भिवा म्हणे माझा खरा, मल्हारी म्हणे माझा. देवळाचा पुजारी जकोबा आजा पायरीवर बसून पुटपुटला, "मायाप्पा हुशार गडी. समद्यास्नी खोट ठिवून शिकवायचा. एकाला हितं, दुसऱ्याला तितं. पाव्हण्याच्या हाती अख्खा ठोका गेला, तर गावाला इचारतंय कोन?"

"हे तुमाला ठावं हुतं, आजा?"

"समद्यांनाच ठावं हुतं. रीतच हाय ती."

"आन् खरा ठोका तुमाला येतो?"

"छ्या! मी पुजारी."

कोंडाईच्या अंगाची लाही झाली. बापावर रडावे की बापाच्या नावाने बोटे मोडावीत, तिला कळेना. तिने देवळाच्या भिंतीवरचा त्याचा ढोल खाली काढला.

"आगं पोरी, ढोलाला बाईचा हात लागत न्हाई!"

"मग तुमचा लावा. लावा की!"

आजाने हात घोंगडीत घेतले.

तिने तिघांना या दगडाभोवती बसवले आणि एकदमच वाजवायला लावले. असा कालवा उठला की कोंडवाड्यातली मेंढरे बिथरली. ती मात्र कान देऊन बसली. हळूहळू तिच्या ध्यानात आले, जिथे दोघांचे जुळते तिथे तिसऱ्याला खोट दिलेली आहे. एकेक खोट काढत ती ठोका जोडत गेली. आपल्या हाताने वाजवून बघे, चुके, पुन्हा वाजवी. कानात बसलेला बाप कुठे होकार देई, कुठे गप्प राही. शेवटी सगळा ठोका उभा राहिला. एक जागा तेवढी राहिली. पालखी उठायच्या ऐन आधी भिवा टिपरी मारी, मल्हारी तळवा मारी, सिद्रामा ढोलाची कड वाजवी. तिथे कुणाचे कुणाशी जुळत नव्हते. बापाने ती जागा तिघांपासूनही लपवली होती. आणि तिला स्वतःला आठवेना, कारण त्या वेळी बायका पालखीकडे बघत नमस्कारात वाकलेल्या असत आणि जयजयकारात ढोल बुडून जाई.

"घाल कायबी," आजा म्हणाला. "द्येवाला काय कळतंय?"

"द्येवाचं मला ठावं न्हाई. मला कळतंय. आता ह्या ढोलावर खोट चालायची न्हाई."

दसऱ्याला तिने ढोल गळ्यात घातला. ठोका चढत गेला, आणि त्या जागेशी आल्यावर तिने हात उचलून धरला. तिघेही थांबले. माळावर कुणाला काही समजेना. खांदेकऱ्यांनी जोर लावला, पालखी हलली नाही. बायाबापड्या एकमेकींची तोंडे पाहू लागल्या. आजा ओरडला, "बुडवलंस गाव!"

पुढे काय करायचे हे कोंडाईलाही माहीत नव्हते, म्हणे. समोर सिद्रामा होता. ती त्याला म्हणाली, "दादा, आमच्या गावानं तुमाला खोटं दिलं. तुमच्या गावचं खरं असंल ते द्या."

सिद्रामा गोंधळला. मग डोळे मिटून त्याने आपल्या गावच्या देवाचा ठोका टाकला. उंबरदऱ्याने तो कधी ऐकलाही नव्हता.

आणि पालखी उठली. फुलांची परडी उचलावी तशी उठली, असे सांगतात.

त्याच दगडावर हात ठेवून कोंडाईने शपथ घातली: इथे राहायला येईल त्याला अख्खा ठोका शिकवायचा, खोट ठेवायची नाही, आणि ती जागा गावाने भरायची नाही.

आजही पावसाळ्यात उंबरदऱ्याची दारे लांबच्या वाजवणाऱ्यांना उघडी असतात. ढोलाला बाईचा हात लागतो, आणि पहिला तिचाच लागतो. आजही दसऱ्याला त्या जागी सगळे ढोल थांबतात, पालखी जमिनीला चिकटून राहते आणि गाव पाहुण्याच्या हाताकडे बघते.

नीव्हने व्हायोलिन मांडीवर घेतले, खाली ठेवले, पुन्हा घेतले. "मग दसऱ्याला मी काय वाजवू?"

दुभाष्याने विचारले. लिंबाजीतात्या दगडावरून उठले, धोतर झटकले.

"त्ये आमाला इचारायचं न्हाई, बाई," ते म्हणाले. "त्येवढंच आमाला येत न्हाई."